आयचा फोटो काढायचा नाही

नवीन पनवेल,
२२ सप्टेंबर २०२५

दादूस,

साष्टांग नमस्कार वगैरे काही नाही. काल तू माझ्या हातावर फटका मारलास तो हात अजून दुखतोय, त्यामुळे नमस्कार जमणार नाही.

फोन केला तर तू उचलत नाहीस. वहिनीच्या फोनवर केला तर तूच घेतोस आणि ‘राँग नंबर’ म्हणतोस. सख्ख्या बहिणीला राँग नंबर! म्हणून पत्र लिहिते आहे. तुला मोतीबिंदू झालाय आणि ऑपरेशनला तू घाबरतोस, तेव्हा हे भामावहिनीच वाचून दाखवणार. वहिनी, तू वाचत राहा. हा ओरडला तरी थांबू नको, आणि शिवी आली तर गाळू नको.

काल सर्वपित्रीला कॅमेरा ‘सहज गळ्यात राहिला’ असं मी म्हणाले ते खोटं. मुद्दाम आणला होता. आयचा फोटो काढायलाच आणला होता. आय ओटीवर खलबत्त्यात पान कुटत बसली होती, ऊन तिच्या एका गालावर आलं होतं. मी नुसता कॅमेरा उचलला, बटणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आणि तू घरातून असा धावत आलास जसा काही मी तिच्यावर कोयता उगारला होता. “आयचा फोटो काडायचा नाय!” काय तो आवाज! गच्चीवरचे कावळे उडाले. बरं झालं, बाच्या पानाला शिवून झाले होते, नाहीतर बा उपाशी राहिला असता.

वर सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणालास, “हिनं बाला खाल्ला, आता आयवर टपली हाय.”

चोवीस वर्षं झाली रे, आणि अजून तेच? चल, एकदा उजळणी करू, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवतं. मी तेव्हा पनवेलच्या कलर लॅबमध्ये कामाला होते. माझा स्वतःचा कॅमेरा होता. गावात कुणा म्हाताऱ्याचा धड फोटो नव्हता. माणूस गेलं की भिंतीवर काय लावायचं, पित्राचं पान कुणासमोर ठेवायचं, अशी पंचाईत. मग लोक मला सांगायला यायचे, “किशोरे, आमचा म्हातारा आता थकलाय, एक काडून ठेव गो.” थकलाय म्हणूनच बोलवायचे. थकलेला माणूस दोन-चार महिन्यांत जायचा. यात कॅमेऱ्याचा काय गुन्हा? डॉक्टर येतो तेव्हाही घरात माणूस आजारीच असतं, म्हणून काय डॉक्टरनं आजार आणला? पण गावात सुरू झालं, किशोरीनं फोटो काडला का मानूस जातंय. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार. मी हसून सोडून दिलं.

मग बाचा काढला. मिठागरात. डोक्याला टॉवेल, हातात मीठ ओढायची फळी, पाठीमागे मिठाच्या राशी आणि बा तोंडभर हसतोय. त्याच आठवड्यात बाच्या छातीत कळ आली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आणि बाच्या उत्तरकार्याला तू भर मांडवात उभा राहिलास. परक्यांनी बोलणं वेगळं आणि थोरल्या भावानं बोलणं वेगळं. तू बोललास आणि ते खरं झालं. माझा कॅमेरा तू खाडीत फेकलास. आलेली दोन स्थळं मोडली. लॅब मीच सोडली, कारण गिऱ्हाईक गावचं असलं की माझ्याकडून फोटो घेताना हात मागे घ्यायचं. त्यानंतर यंदापर्यंत मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

आणि आता हे सांग. काल ज्या फोटोला तू चंदनाचा हार घातलास, तो कुणी काढलाय? केतनच्या लग्नपत्रिकेवर आजोबा म्हणून जो छापलास, पुण्यस्मरणाचा बॅनर करून उरण नाक्यावर जो टांगलास, तो कुणी काढलाय? बुधाजी पाटील म्हटलं की सगळ्यांना तोच हसरा बा आठवतो. बाला खाणारा फोटो तुला बरा चालतो रे! आळीत फिरून बघ. ज्या ज्या घरात त्या काळातल्या म्हाताऱ्याला हार आहे, तो फोटो माझा आहे. अख्खं गाव माझ्या फोटोंसमोर पान वाढतं आणि मी पायरी चढले की पोरंबाळं आत घेतं.

आयचा मात्र एकही फोटो नाही. आधार कार्डावर आहे, पण त्यात आय आहे का बटाट्याचं पोतं, ते कळत नाही. कुणीही मोबाइल वर केला की तिचा पदर तोंडावर. केतनच्या हळदीत व्हिडिओवाल्यानं हात जोडले तरी नाही. मी समोर असले की तर पाठच फिरवते.

दादूस, मला तुझ्याशी भांडण उकरून काढायचं नाही. (बरं, काढायचंच आहे, पण ते जाऊ दे.) मला एकच कळून घ्यायचंय. आयलासुद्धा असंच वाटतं का, की बाला मी खाल्लं? तिला तोंडानं विचारायची माझी छाती नाही. तिनं एकदा माझ्या कॅमेऱ्यासमोर पदर बाजूला केला, तर मला माझं उत्तर मिळेल. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे गेली. एक फोटो, बस्स. त्यातसुद्धा तू आडवा येतोस.

किशोरी

•

नवीन पनवेल,
२४ ऑक्टोबर २०२५

दादूस,

काल भाऊबीज होती, माहीत असेलच. पाट मांडला होता. रांगोळी काढली होती. तुझ्या आवडीच्या करंज्या, ओल्या नारळाच्या. दुपार उलटली तरी निरांजन तसंच. आमचे हे म्हणाले, “रस्त्यात ट्रॅफिक असेल.” बिचारे. यांना तुझा स्वभाव अजून कळलेला नाही.

शेवटी केतन आला. हातात साडीचा डबा आणि तोंडात तुझा निरोप. “आत्या, बाबा बोललं, कॅमेरा टाकून दे, मग येतील.” पोरगं बोलताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. मी त्यालाच पाटावर बसवलं आणि ओवाळलं. भाच्याला भाऊबीज ओवाळतात का? काल ओवाळली. साडी ठेवून घेतली आहे, कारण ती वहिनीच्या पसंतीची आहे, तुला एवढं कळत नाही.

आता निरोपाला उत्तर. नाही टाकणार.

का, तेही ऐकून घे. आमची दिपिका नोकरीसाठी बंगलोरला गेली तेव्हा तिचा कॉलेजातला कॅमेरा कपाटात टाकून गेली. यंदा आषाढात कपाट आवरताना मी तो पुसायला घेतला. पुसता पुसता डोळ्याला लावला. अरे, डावा डोळा आपोआप मिटला. श्वास आपोआप थांबला. कोपरं अंगाला येऊन चिकटली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि माझ्या अंगाला सगळं येत होतं! मी तिथंच जमिनीवर बसले आणि मला इतका राग आला, इतका, की मी कपाटाचं दार लाथेनं लोटलं. अंगठा सुजला.

पहिले फोटो भिकार आले. हात हलतो, चष्मा मध्ये येतो, आणि कॅमेऱ्यात इतकी बटणं की जणू विमान चालवायचंय. आता दर रविवारी सकाळी वडाळे तळ्यावर काही हौशी मंडळी जमतात, त्यांच्यात जाते. बहुतेक सगळी माझ्या पोरीच्या वयाची. “काकू, ऑटोवर ठेवा ना!” मी म्हटलं, “बाळा, तू जन्मला नव्हतास तेव्हा मी हातावरचं ऊन बघून फोटो काढत होते.” ठेवत नाही ऑटोवर. बदकं काढते, तळ्याकाठचा चहावाला काढते. एकदा उरणकडे गेलो, तिथं रोहित पक्षी काढले. मागे कंटेनर रचलेले होते. बाचं मिठागर त्याच बाजूला होतं, आता ओळखू येत नाही. मला यातून पैसा नको, बक्षीस नको. सकाळी उठावंसं वाटतं, एवढंच आहे हे. हौस म्हणतात याला. तुला क्रिकेटच्या टुर्नामेंटी भरवायची हौस आहे ना, रात्री लाइट लावून? कुणी अडवलंय?

आणि तू काय घेतलंस ते तुला कळावं म्हणून सांगते. दिपिका जन्मली, रांगली, शाळेत गेली, नाटकात परी झाली. कॅमेरा कसा धरायचा ते कळणारी तिची आई कोपऱ्यात हात बांधून उभी. घरात कॅमेरा आणायची भीती वाटायची. वाटायचं, खरंच असेल तर? माझ्या लेकराला काही झालं तर? तू माझ्या डोक्यात हे घातलंस, दादूस. माझ्या पोरीचं लहानपण मी लोकांकडून एकेक फोटो मागून जमवलंय. एका फोटोत ती आहे, पण कडेला, अर्धी. मधे दुसऱ्याचंच पोर आहे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तोंड आता उघडलंय. पुन्हा मिटणार नाही.

किशोरी

•

नवीन पनवेल,
१२ नोव्हेंबर २०२५

दादूस,

आधी खुर्चीत नीट बस. वहिनी, पुढचं वाचताना तुझा आवाज कापेल, पण ‘लिही, मी वाचीन’ असं तूच म्हणालीस.

सोमवारी वहिनीनं आयला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं म्हणून तुला सांगितलं ना? नेलं होतं. खोटं नाही. पण येताना दोघी रिक्षा करून माझ्याकडे आल्या. ओरडायचं तर आत्ताच ओरडून घे. झालं? पुढे वाच, वहिनी.

आय बाल्कनीत बसली. कॅमेरा टेबलावरच होता, मी लपवला नव्हता. तिनं बोटानं त्याला जरा ढकलून बघितलं, मांजराला ढकलतात तसं. “हाच काय तो?” म्हणाली. चहा पिऊन झाला. वहिनी कप विसळायला आत गेली. आणि मी विचारलं. कसं विचारलं देव जाणे. म्हटलं, “आय, तुला वाटतं का, बा माझ्यामुळे गेला?”

आयनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भाजीत मिठाऐवजी साखर घातलीय. “येडी हायेस काय गो? तुजा बा बिड्या पिऊन गेला. डॉक्टरनं दोनदा सांगितला व्हता, आयकला नाय.”

“मग चोवीस वर्षं पदर कशाला घेतेस माझ्यासमोर?”

मग ती बोलली. जसं बोलली तसं लिहिते. “मी म्हातारी व्हत चालले. आज ना उद्या मरनारच. तू माजा फोटो काडलास नि मी मेले, का गाव परत तुजाच नाव घेनार. बाला खाल्ला, आयला पन खाल्ला. मंग तुला गावात तोंड दाकवाला जागा ऱ्हायली असती? नि दुसऱ्याला काडू दिला असता, तर बोलले असते, बघा, आयला पन पोरीचा कॅमेरा चालत नाय, दुसऱ्याचा चालतो. म्हनून मी कोनालाच नाय दिला.”

ऐकलंस? वहिनी, हे पुन्हा एकदा वाच. सावकाश.

मला रडू यायला हवं होतं. आला राग. आयवरसुद्धा आला. म्हटलं, “मग हे आधी सांगायचंस ना गं! मी इथं जळत राहिले!” तर म्हणते, “सांगितला असता तर तू गप बसली असतीस? दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेवून हजर.” आतून वहिनीच्या हसण्याचा आवाज आला. मग मात्र मी रडले. आयच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि ती माझ्या केसांत हात फिरवत म्हणत होती, केस किती पांढरे झाले गो तुजे.

म्हणजे मी समजत होते ती माझ्यावर रुसली आहे, आणि ही बाई स्वतःचं तोंड झाकून माझं तोंड वाचवत होती. कुणापासून? तुझ्यापासून, दादूस. गावाचं सोड. गाव तुझं ऐकून बोलतं.

आता तिचं म्हणणं. तिला फोटो काढून हवा आहे. माझ्याच हातचा. पण एकटीचा नको, तुझ्याबरोबर हवा. “धर्माला माज्या बाजूला बसव. त्यानं सवता तोंडानं काड म्हनला पायजे. मंग मी मेले तर तोच बोलल, मीच सांगितला व्हता.” तिनं सगळा विचार करून ठेवलाय. शाळेची पायरी न चढलेली जनीबाई आणि अक्कल बघ!

मी तुला हात जोडणार नाही. फक्त आयचं म्हणणं कळवते. येत्या रविवारी सकाळी मी गावाला येते आहे. ओटीवर दोन खुर्च्या मांडून ठेवायच्या. तू फोटोला घाबरतोस हे मला माहीत आहे. गावच्या लग्नांतसुद्धा तू माझ्या कॅमेऱ्यासमोरून पळायचास आणि म्हणायचास, नवरीचं काढ. तेव्हा आयच्या नावाखाली लपू नको. जीव तुला तुझाच प्यारा आहे.

किशोरी

•

नवीन पनवेल,
१८ नोव्हेंबर २०२५

दादूस,

आलास. बसलास. एवढ्यासाठी या पत्रात तुला शिव्या नाहीत.

प्रिंट सोबत पाठवते आहे. बघून घे, म्हणजे वहिनी सांगेल तसं ऐक. आय हिरव्या लुगड्यात, पदर डोक्यावर, पण तोंड उघडं. सरळ माझ्याकडे बघते आहे. कपाळावरचं गोंदणसुद्धा स्पष्ट आलंय, मला ते इतकं बारीक नक्षीचं आहे हे आत्ता कळलं. आणि तिच्या बाजूला तू. गृहस्था, सगळ्या फोटोंत तुझे डोळे घट्ट मिटलेले आहेत! इंजेक्शन देतायत असा चेहरा. आयनं तुझा हात स्वतःच्या मांडीवर ओढून धरून ठेवलाय, तू पळू नयेस म्हणून.

तू ‘काड’ म्हणालास तो आवाज मलासुद्धा आला नव्हता. आय बरी खमकी. “आयकला नाय आला, धर्मा.” मग तू ओरडलास, “काड गो बाय, काड एकदाचा!” शेजारची सगळी ओटीवर आली. आयला तेच हवं होतं. चार माणसांनी ऐकायला हवं होतं.

बटण दाबलं तेव्हा माझा हात हलला नाही. तुला सांगायचं होतं म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. “हे उठलं, चहा पिलं, नि आरशात बगत बसलंत.” आम्ही दोघी इतक्या हसलो की आमच्या यांनी टीव्ही बंद केला.

बरा आहेस ना?

तुझी किशोरी

•

नवीन पनवेल,
६ जानेवारी २०२६

धर्मराज बुधाजी पाटील,

दादूस म्हणवत नाही आज.

आय गेली त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. थंडीचा ताप, दोन दिवस, पंच्याऐंशीच्या पुढची बाई. गेली. रडून घेतलं आपण दोघांनी, त्या वेळी तू माझा भाऊ होतास. मला बोलायचंय ते परवाच्या उत्तरकार्याबद्दल.

भिंतीवर बाच्या शेजारी आयचा फोटो लावलास. तो माझाच. त्यातून तू स्वतःला कापलंस. त्याबद्दलही बोलत नाही. हाराच्या फोटोत जिता माणूस ठेवत नाहीत, एवढं मला कळतं. कापायलाच हवा होता. पण कापणाऱ्याला तुझं बोट काही कापता आलं नाही. आयनं हात इतका घट्ट धरला होता की तिच्या मुठीतून तुझं एक बोट बाहेर राहिलंच आहे.

मांडवात पंगत बसली होती. भावकीतल्या दाजीकाकांनी भात कालवता कालवता फोटोकडे बघितलं आणि सहज म्हणाले, “फोटो झ्याक आलाय. किशोरीनं काडला ना दिवालीच्या मागून? म्हंजे मागून दीड महिना पन नाय ऱ्हायली.” एवढंच. म्हातारा आहे, वाईट मनानं बोलला नाही. पण घास थांबले. पंगतीतली प्रत्येक मान माझ्याकडे वळली. तीच नजर. मी पुन्हा पंचवीस वर्षांची झाले.

मी तुझ्याकडे बघितलं. आयनं याच घटकेसाठी तुला खुर्चीत बसवलं होतं. चार शब्द होते तुझे. ‘मीच सांगितला होता काढायला.’ बस्स. ती बाई स्वतःच्या मरणाची तयारी करून गेली, त्यात तुला एवढंच काम होतं. आणि तू पत्रावळीकडे बघत राहिलास. वरण कुठवर पसरतंय ते बघत होतास का?

तू गप्प बसलास, धर्मराज. बाच्या वेळी बोललास ते मी तरुणपणाचं डोकं म्हणून सोडून दिलं असतं. या वेळी डोकं जाग्यावर होतं, सत्य माहीत होतं, शेजारी साक्षीला होते. तरी गप्प. ते बोलणं परवडलं, पण हे गप्प बसणं नाही. मी उठणार होते. चप्पल शोधत होते. खरंच सांगते, पुन्हा त्या घरात आलेच नसते.

आणि तेवढ्यात वहिनी. हातात भाताची परात, कपाळावर घाम. वहिनी, लाजू नको, हे मोठ्यानं वाच, तुझंच आहे. परात खाली ठेवलीस, पदर खोचलास आणि सरळ भिंतीपाशी जाऊन फोटोच्या काचेवर बोट आपटलंस.

“दाजीकाका, हा बोट कोनाचा हाय, बगा. ह्यांचा हाय. हे पन त्याच फोटोत बसले व्हते, आयच्या मांडीला मांडी लावून. सवता बोलले, काड. सगल्या आळीनं आयकलाय. मंग हे कुटं मेले? समोर बसून तिसऱ्यांदा भात घेतायत!”

उत्तरकार्याच्या पंगतीत हसू नये. पण आधी बायकांत कोणीतरी फिसकन हसलं, मग दाजीकाकांना ठसका लागला, मग सगळा मांडव. तू मान वर केलीस, चेहरा लालभडक, आणि पुन्हा पत्रावळीत घातलीस. आणि वहिनी परात उचलून पुढच्या पानाकडे गेली. पस्तीस वर्षं तुझ्या घरात तिचा आवाज मी कधी चुलीच्या पुढे आलेला ऐकला नव्हता.

तू जे बोलायचं होतंस ते तुझ्या बायकोनं बोलून टाकलं. आता तू बोललास काय आणि नाही काय, मला फरक पडत नाही. पडतो. पण पडू देणार नाही.

निघताना वहिनी माझ्या मागे रिक्षापर्यंत आली. म्हणाली, “बाय, माजा पन एक काड. भितीवर लावाला नको. थकले म्हनून पन नको. मना हातात धरून बगाचा हाय, मी हसते कशी ते.” तिनं लग्नानंतर स्वतःला हसताना पाहिलेलं नाही, असं म्हणाली.

येत्या रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन गावाला येते आहे, भामावहिनीचा फोटो काढायला. तुला विचारत नाही. कळवते आहे.

किशोरी